फुलबाजीतलं बेरियम आणि आपल्या विहिरी

दिवाळी जवळ आली की फटाक्यांच्या आवाजावरून वाद सुरू होतात. ते व्हायलाच हवेत. पण या वादात फुलबाजी दरवर्षी सुटते. "पोरांना फुलबाज्या द्या, त्यांनी काही होत नाही," असं आपण सगळेच म्हणतो. मला ते पटत नाही.

पारंपरिक फुलबाजीच्या मसाल्यात बेरियम नायट्रेट, म्हणजे बेरियम या धातूचा क्षार असतो. ती पेटती राहायला लागणारा ऑक्सिजन त्यातून मिळतो. ॲल्युमिनियम आणि लोखंडाची पूड ठिणग्या उडवते. आकाशातल्या शॉटचा हिरवा रंगही जवळजवळ नेहमी बेरियमचाच. लाल स्ट्रॉन्शियमचा, निळा तांब्याचा. कागद जळतो, कोळसा जळतो. धातू मात्र जळून नाहीसा होत नाही. थोडा धुरातून नाकात जातो, उरलेला राखेबरोबर अंगणात पडतो. विरघळणारं बेरियम पुरेशा प्रमाणात पोटात गेलं तर रक्तातलं पोटॅशियम घसरतं, स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. एका फुलबाजीने असं होत नाही, हे खरं. पण तो धूर अगदी तोंडाजवळ घेणारं पोर आपलंच असतं. आणि तमिळनाडूतल्या शिवकाशीत, फटाक्यांच्या कारखान्यांत, हीच पूड रोज हाताळणारी माणसंही कुणाच्या तरी घरची आहेत.

बिनआवाजाचा फटाका म्हणजे निर्धोक, हा समज तर सोडूनच द्या. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये नेहमीच्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वांत जास्त सूक्ष्म कण निघाले ते नागगोळीतून.

आपल्या कोकणात मला जास्त काळजी वाटते ती पाण्याची. विहीर अंगणाला लागून, आणि खाली जांभा. त्यातून पाणी झिरपायला कितीसा वेळ लागतो? गणपतीतले फटाके तर भर पावसातच वाजतात. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटशी बेरियम बांधलं जाऊन बहुतेक तळाला बसतं, पण विहिरीच्या गोड्या पाण्यात सल्फेट फारसं नसतं, म्हणून ते विरघळलेलंच राहू शकतं. खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं हे शिंपल्यातले जीव पाणी गाळूनच जगतात. पाण्यात तांबं-शिसं आलं तर ते त्यांच्या अंगात साठतं, आणि तिथून आपल्या ताटात येतं.

कायदा नाही असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फटाक्यांत शिसं, पारा, आर्सेनिक, अँटिमनी आणि लिथियम वापरायला मनाई केली, २०१८ मध्ये बेरियमच्या क्षारांना. हे आदेश देशभर लागू आहेत, असं २०२३ मध्ये पुन्हा स्पष्टही केलं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बेरियमशिवाय किंवा कमी धुराचे पर्याय तयार केले. त्यांच्या खोक्यावर नीरीचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. तेही धूर सोडतातच, हे विसरू नका.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. गणपती, शिमगा, जत्रा, कुठल्याही कार्यक्रमासाठी वर्गणीच्या पैशातून आकाशातले शॉट घेऊ नयेत, आणि हे गावकीच्या बैठकीत आधीच ठरावं. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनाही फोन करून सांगावं. घरी वाजवायचेच असतील तर चिन्ह बघून, थोडे, आणि विहिरीपासून लांब. दुसऱ्या दिवशी अंगण पाण्याने धुऊ नका. राख कोरडीच झाडून पिशवीत भरा. माडाच्या आळ्यात तर मुळीच टाकू नका. आणि मुलांना फराळाला बसवण्याआधी त्यांचे हात साबणाने नीट धुवायला लावा.