कार्ड लावून बंद स्पेक्ट्रम सुरू होत नाही

जुने संगणक जपणाऱ्यांमध्ये सध्या झेडएक्स स्पेक्ट्रम या 1980 च्या दशकातल्या ब्रिटिश घरगुती संगणकाबद्दल एक मजकूर फिरतोय: ‘झेडएक्स स्पेक्ट्रम सुरू होत नसेल तर उघडू नका. मागे एसडी कार्डवालं एक्स्पान्शन लावा, बिघाड बायपास होतो. ॲडाप्टर 9 ते 12 व्होल्टचा कुठलाही चालतो. कार्ड चालू मशीनलाही लावता येतं.’ जळगाव-भुसावळकडच्या तिघांनी मला तो पाठवला आणि ‘भाऊ, खरं आहे का?’ म्हणून विचारलं. खरं नाही. त्यात सांगितल्याप्रमाणे केलं तर दुरुस्त होणारं मशीनही जाईल.

आधी बायपासचं. डिव्हएमएमसीसारखं, म्हणजे एसडी कार्डवरून खेळ लोड करणारं कार्ड मशीनच्या पहिल्या 16 केबीत, म्हणजे रॉमच्या (कायम साठवलेल्या प्रोग्रामच्या) जागी बसतं. रॅम सुरू होते 16384 या पत्त्यापासून आणि ती बोर्डावरचीच लागते. पडद्यावरचं चित्रसुद्धा तिच्यातूनच निघतं. ती बिघडलेली असेल तर कार्ड लावा नाहीतर काढा, टीव्हीवर पट्टेच दिसणार. डायग्नोस्टिक रॉमचं कार्ड मात्र कामाचं आहे. कुठली रॅम चिप गेली ते सांगतं. पण तेही व्होल्टेज तपासल्यावर लावायचं.

कारण रॅमच्या खालच्या 16 केबीच्या 4116 चिपना तीन व्होल्टेज लागतात: +5, +12 आणि -5. गेल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावरून काढलेलं एक मशीन माझ्याकडे आलं. मल्टीमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला धरला, लाल आयसी 6 वर, म्हणजे त्यातल्याच एका चिपवर. 9 नंबरच्या पायावर 5 व्होल्ट, ठीक. 8 नंबरवर 12 हवे होते, बरेच कमी होते. 1 नंबरवर -5 च्या जागी शून्य. हे व्होल्टेज बनवणाऱ्या भागातला टीआर4 ट्रान्झिस्टर गेला होता. तो साधा, स्वस्त भाग आहे. पण ‘कार्डाने होईल’ या आशेवर मालकाने मशीन तसंच तासभर चालू ठेवलं होतं. -5 नसताना 4116 ला वीज देत राहिलं की चिप जळतात. नवा टीआर4 घातल्यावर व्होल्टेज आले, तरी दोन चिप बदलाव्याच लागल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण आधी व्होल्टेज तपासणं दहा मिनिटांचं काम होतं.

चालू मशीनला कार्ड लावण्याबद्दल एवढंच बघा: मागच्या कनेक्टरवर खाचेला लागून 9 व्होल्टची पट्टी आहे आणि तिच्या शेजारीच 5 व्होल्टची. कार्ड जरा तिरकं गेलं की दोन्ही शॉर्ट होतात, आणि 9 व्होल्ट थेट झेड80 प्रोसेसर आणि रॅमवर. प्लग काढल्याशिवाय कार्ड लावूही नका, काढूही नका. कनेक्टरच्या खाचेत अडकणारी खुंटी (‘की’) नसलेलं कार्ड विकतच घेऊ नका.

ॲडाप्टर 9 व्होल्टचा, निदान 1.4 अँपिअरचा, आणि आतली पिन निगेटिव्ह असलेला हवा. बाजारातले बहुतेक ॲडाप्टर उलटे, आत पॉझिटिव्ह असतात. 12 व्होल्टचं गणित सोपं आहे: आतला 5 व्होल्ट देणारा 7805 रेग्युलेटर जादाचे व्होल्ट उष्णतेत घालवतो. एक अँपिअरला 9 वर 4 वॅट, 12 वर 7 वॅट. भुसावळच्या उन्हाळ्यात खोलीच तापलेली असते, तिथे हे परवडत नाही.

‘बटणं चालत नाहीत म्हणजे यूएलए गेला’ असंही त्या मजकुरात शेवटी आहे. यूएलए म्हणजे चित्र आणि कीबोर्ड सांभाळणारी मुख्य चिप. बहुतेक वेळा मेम्ब्रेनची, म्हणजे बटणांखालच्या पातळ प्लास्टिक पडद्याची, शेपटी वाळून चिरलेली असते. पुण्याच्या डेसिबेल्सने परवाना घेऊन काढलेल्या स्पेक्ट्रम प्लसमध्येही कडक बटणांखाली मेम्ब्रेनच आहे.

मशीन सुरू होतंय, मग कार्ड घ्यायचंय? आधी ‘PRINT PEEK 23732+256*PEEK 23733’ देऊन बघा; 23732 या पत्त्यातला आकडा आणि 23733 मधल्या आकड्याची 256 पट यांची बेरीज छापली जाते, म्हणजे मशीनला सापडलेल्या रॅमचा शेवटचा पत्ता. 65535 आलं तर 48 केबी शाबूत आहे. 48 केबीच्या मशीनवर 32767 आलं तर वरची 32 केबी मशीनला सापडत नाहीये, आणि कार्डावरचे बहुतेक खेळ चालणार नाहीत. तेव्हा कार्डाचे पैसे बाजूला ठेवा आणि वरच्या रॅमच्या चिप, आयसी 15 ते 22, तपासायला घ्या. तोवर एखादा 16 केबीचा खेळ, कॅसेटऐवजी त्याची ऑडिओ फाइल मोबाइलवर पूर्ण आवाजात वाजवून, ईअर सॉकेटमधून लोड होतो.