भागिले नऊशे

टोकियो ते लॉस एंजेलिस अंतर सुमारे 8,800 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी साधारण 900. या प्रवासात पाय आखडले अशी तक्रार मी केली, तेव्हा मामांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि निकाल दिला, "पावणेदहा तास. त्यात एवढं कुरकुरण्यासारखं काय आहे रे?"

मामांचं विमान म्हणजे शाळेच्या गणितातली आगगाडी. तिच्यात कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. आम्हाला मात्र तीन तास आधी विमानतळावर हजर व्हावं लागतं. पट्टा काढा, आणि एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवा. हे तास तिकिटावर कुठेच नसतात.

मग समोरचा पडदा. त्यावरचं चिमुकलं विमान सरळ पूर्वेला जायचं सोडून वर अल्यूशियन बेटांच्या रोखाने सरकू लागतं. शेजारचे गृहस्थ अस्वस्थ झाले. "लांबून नेतायत!" पृथ्वी गोल आहे, सपाट नकाशावर वाकडी दिसणारी हीच वाट सर्वांत जवळची, हे मी त्यांना जेवणातल्या गोल पावावर हेडफोनची वायर ताणून दाखवलं. त्यांनी लक्षपूर्वक पाहिलं आणि पाव खाऊन टाकला.

अंतर तेच, पण उलट दिशेने टोकियोला जाताना साधारण बारा तास लागतात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वारा धावत असतो. हिवाळ्यात तो ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. पूर्वेला जाताना पाठीवर हात ठेवणारा हा वारा परतीला छातीवर हात ठेवून अडवतो. पडद्यावर वेग साडेसातशे. शेवटचे दोन तास तर विमान नुसतं पडद्यावर चिकटवून ठेवलंय असं वाटतं.

विमान कंपन्या हुशार. वाऱ्याचा आणि धावपट्टीवरच्या रांगेचा अंदाज घेऊन त्या वेळापत्रकात आधीच थोडी भर घालून ठेवतात. म्हणून "आपण वीस मिनिटं लवकर पोहोचलो आहोत" अशी अभिमानाने घोषणा होते, आणि मग गेट रिकामं नाही म्हणून तीच वीस मिनिटं आपण बसल्या जागी, पट्टा बांधून, परत करतो.

हे सगळं मामांनी ऐकून घेतलं. अडले ते तारखेपाशी. उन्हाळ्यात टोकियोहून संध्याकाळी 5 ला निघालेलं विमान वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडतं आणि त्याच दिवशी सकाळी 11 च्या सुमारास लॉस एंजेलिसला उतरतं. मामांनी कागद ओढला. वेळ उणे सहा तास.

"म्हणजे वेग ताशी उणे चौदाशे सदुसष्ट," ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "आणि तू म्हणतोस, पाय आखडले?"