जॉर्डनला शाळेने संघातून ‘हाकललं’ नव्हतं

कोथरूडच्या आमच्या बास्केटबॉल पालकांच्या ग्रुपवर निवड चाचणीच्या दुसऱ्या दिवशी हमखास एक फॉरवर्ड येतो: ‘मायकेल जॉर्डनला शाळेने संघातून हाकललं, तरी तो जगज्जेता झाला!’ यंदाही आलाच. गोष्ट अर्धीच खरी आहे.

१९७८ साली, अमेरिकेतल्या विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये दहावीत असताना जॉर्डनचं नाव मुख्य संघाच्या यादीत नव्हतं. घरी जाऊन तो रडला, हे त्यानेच सांगितलंय. पण त्याला ज्युनिअर संघात घेतलं होतं. दहावीची मुलं तिथे सहसा त्याच संघात खेळायची. त्या वर्षी वर घेतलेला एकमेव दहावीवाला म्हणजे लिरॉय स्मिथ. कारण साधं होतं: उंची. लिरॉय सहा फुटांच्या बराच वर, तर जॉर्डन तेव्हा सहा फुटांच्या आत. ज्युनिअर संघात भरपूर खेळायला मिळालं, मुख्य संघात बाकावर बसावं लागलं असतं. मला तर प्रशिक्षकाचा निर्णय शहाणपणाचाच वाटतो. बिचारा उगाच खलनायक ठरलाय.

फॉरवर्डमध्ये ‘कॉलेजलाही कुणी विचारलं नाही’ असंही आहे. ते साफ खोटं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली, १९८२च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात विजयी बास्केट त्याचीच. १९८४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, शिकागो बुल्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं.

तेव्हा आपलं पोरगं ‘ब’ संघात गेलं असेल, तर शनिवारी त्याचा डबा भरा. सामना सकाळी सातला आहे.