फ्लॉपी तीच, पण वाचणार कोण?

खरंच वैताग आलाय आता. कमोडोर ६४ या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरवरची एक साधी टेक्स्ट फाईल पीसीवर आणायचीय, बास एवढंच, आणि त्यात अख्खा रविवार गेला. फ्लॉपी सव्वापाच इंचाचीच, पीसीच्या ड्राइव्हमध्ये व्यवस्थित बसते, पण त्याला आतलं ढिम्म कळत नाही, कारण डिस्कवर माहिती लिहायच्या पद्धतीच वेगळ्या: कमोडोरचा १५४१ ड्राइव्ह लिहितो जीसीआरमध्ये आणि पीसीचा कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) वाचतो एफएम नाहीतर एमएफएम. अमिगा, म्हणजे कमोडोरचाच दुसरा कॉम्प्युटर, तर एमएफएमच वापरतो ना, तरी एका ट्रॅकवर (डिस्कवरच्या एका गोल पट्टीवर) ११ सेक्टर, म्हणजे तिचे तुकडे, असे सलग चिकटवून लिहितो (म्हणून ८८० केबी मावतात), की पीसी तिथेही हात वर करतो!

मग बसा कमोडोरचा ड्राइव्हच केबलने पीसीला जोडत. तासाभराने फाईल येते एकदाची, उघडून बघावं तर इंग्रजी स्मॉल अक्षरं सगळी कॅपिटल, कॅपिटलच्या जागी भलतीच चिन्हं, का तर अक्षरांना आकडे द्यायची कमोडोरची पद्धत पेटस्की वेगळी नि पीसीची आस्की वेगळी. दर वेळी हेच.

आणि इकडे डिस्क मरतायत हो. काल एकीचा १८ नंबरचा ट्रॅक गेला. डिरेक्टरी, म्हणजे फाईलींच्या नावांची यादी, तिथेच असते. फाईली आत आहेत आणि नावं गेली.