पांदणीतला वाघ आणि मागची धानाची बांधी

आज सकाळी गावच्या ग्रुपवर वाघाचा व्हिडिओ पडला. खाली लिहिलेलं, "आपल्या पांदणीत, पहाटे 5 वाजता." वेचणीला निघालेल्या बाया अर्ध्या वाटेतून परत फिरल्या. बोंडं फुटून कापूस लोंबतोय, आभाळ भरून आलंय, आणि साऱ्या शिवाराचा दिवस बुडाला. बायांची रोजी बुडाली ती वेगळीच.

अरे बाप्पा, व्हिडिओ नीट पाहिला काऊन नाही कोणी? वाघाच्या मागं धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर आहे! आपल्याकडं कापूस, तूर, सोयाबीन. बांधी पाहायला भंडारा-गोंदियाकडं जावं लागते. लोक वाघाकडं पाहतात, मागं काय आहे ते कोणी पाहत नाही. पीक कोणतं, कोणत्या अवस्थेत आहे, सावली लांब आहे का आखूड, गाडीच्या पाटीवर यवतमाळचा एमएच 29 आहे का चंद्रपूरचा 34, दुकानाची पाटी कोणत्या लिपीत आहे, हे शेतकऱ्याला दुसऱ्यानं शिकवायचं का?

व्हिडिओवर दुहेरी बाण होता. निदान पाच हातांतून फिरलेल्या मेसेजलाच तो येतो. पहाटे आपल्या पांदणीत काढलेला व्हिडिओ सकाळीच एवढा फिरून परत आपल्याच गावात? शंका तिथंच यायला पाहिजे होती. आणि "फाईलवर तारीख आजची आहे" म्हणणाऱ्यांनो, व्हॉट्सअ‍ॅपवरून येताना फोटो-व्हिडिओची मूळ माहिती निघून जाते. दिसते ती तुमच्या फोनमध्ये उतरल्याची तारीख.

तपासायचं काम पाच मिनिटांचं. चित्र सगळ्यात स्वच्छ दिसते तिथं व्हिडिओ थांबवा, स्क्रीनशॉट काढा. वरचा मजकूर, चिकटवलेला लोगो कापून टाका, नाहीतर शोध त्या अक्षरांमागंच धावतो. मग गुगल लेन्सला द्या. चौकट नुसत्या वाघावर ठेवली तर जगभरचे वाघ येतात, म्हणून ती रस्ता, बांध, झाडं यांच्यावर ओढा. नाही सापडलं तर सुरुवातीची, मधली, शेवटची फ्रेम टाकून पाहा. तरीही नाही, तर चित्र डावं-उजवं उलटवून टाका, कारण जुना व्हिडिओ पकडला जाऊ नये म्हणून लोक तो आरशासारखा उलटा करतात. आजचा तिसऱ्या स्क्रीनशॉटला सापडला. गेल्या वर्षी अपलोड झालेला.

मात्र काहीच सापडलं नाही म्हणजे व्हिडिओ खरा, असं नाही. ताजा किंवा एआयनं बनवलेला असला तर जुनी प्रत असणारच नाही. ब्रह्मपुरीच्या विश्रामगृहासमोर वाघानं माणूस ओढून नेला, तो सीसीटीव्हीसारखा व्हिडिओ 2025 मध्ये सगळीकडं फिरला. वनविभागाला तो खोटा असल्याचं सांगावं लागलं. असा व्हिडिओ आला की हळू चालवून पाहा. कोपऱ्यातल्या घड्याळाचे सेकंद सरळ पुढं जातात का? पंजा टेकतो तिथलं गवत दबतं का? पट्टे चालता चालता बदलतात का? खऱ्या वाघाचे पट्टे जन्मभर तेच राहतात, त्यावरूनच कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ ओळखतात. गुगलच्या एआयनं बनवलेला असेल तर जेमिनी अ‍ॅपमध्ये टाकून विचारता येते, दीड मिनिटापर्यंतचा चालतो. तिथं गुगलच्या एआयनं व्हिडिओत टाकलेली अदृश्य खूण शोधतात. पण खूण सापडली नाही म्हणजे व्हिडिओ खरा, असं नाही.

हो, भीती खोटी नाही. पांढरकवडा-राळेगाव भागानं 2018 पर्यंत टी-1 वाघिणीची दहशत भोगली आहे. रात्री पीक राखायला जागलीला जाणाऱ्या माणसाच्या घरी रात्रभर कोणाला झोप लागत नाही, आणि ज्या मावशीनं काळजीपोटी "पोरींनो, जाऊ नका" म्हणत हा व्हिडिओ पुढं पाठवला, तिच्यावर माझा राग नाही. तिच्यासाठीच तर हे लिहितोय. उद्या खरंच वाघ आला आणि "असे व्हिडिओ येतच राहतात" म्हणून बाया वावरात गेल्या, तर?

पण ज्यानं खाली "आपल्या पांदणीत" असं लिहिलं, त्याला माफी नाही. ते आपोआप लिहिलं गेलं नाही, कोणीतरी बोटानं टाईप केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या अशाच अफवांमुळं 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मारून टाकले. त्या काळात मूल पळवल्याचा जो व्हिडिओ देशभर फिरत होता, तो कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेला. मूळ फिल्ममध्ये ते मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढाच शेवट कापला होता!

अ‍ॅडमिन म्हणतात, आमची जबाबदारी नाही. सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला आपोआप दोषी धरता येत नाही, हे नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलं, मान्य. पण अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, ते बटण कोणासाठी आहे?

आणि नुसतं डिलीट करून भागत नाही. इथून पुढं गेलेल्या प्रती दुसऱ्या ग्रुपांवर तशाच राहतात. त्याच ग्रुपवर, त्याच व्हिडिओला रिप्लाय देऊन लिहा: "हा व्हिडिओ जुना, आपल्या शिवारातला नाही." सोबत सापडलेली मूळ लिंक टाका. ज्यांनी पुढं पाठवला, त्यांनी जिथं-जिथं पाठवला तिथंही टाका. शंका असेल तर वनरक्षकाला फोन करून पांदणीत पंजाचे ठसे पाहायला बोलवा. बाया उद्या सकाळी 7 ला निघतील. त्याच्या आधी.