वासाचा व्हिडिओ पाठवा

गळका नळ लोकांना दाखवता येतो. भिंतीची ओल दाखवता येते, पंख्याचा खडखडाट फोनवरून ऐकवता येतो. वासाचं तसं नाही. ‘आमच्याकडे वास येतो’ म्हणणाऱ्या माणसाकडे लोक आधी संशयाने बघतात, मग त्याच्या घराकडे बघतात आणि सभ्य असतील तर विषय बदलतात.

आमच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये हा प्रकार जुलैत सुरू झाला. एप्रिल-मेमध्ये पुण्यात गिझर लावतो कोण? गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच चटका देतं. त्यामुळे आमचा गिझर उन्हाळाभर पोटात पंचवीस लिटर पाणी धरून भिंतीवर नुसता लटकत होता. मग पावसाची झड लागली, सासूबाई म्हणाल्या, “आज जरा कढत पाणी काढ गं.” मी बटण दाबलं. थोड्या वेळाने त्या आंघोळीला गेल्या, नळ सोडला आणि तशाच बाहेर आल्या. बाथरूमभर सडक्या अंड्यांचा वास.

आमच्या घरात अंडं येत नाही. म्हणजे सासूबाईंच्या माहितीप्रमाणे येत नाही. त्यामुळे त्या थेट नातवाच्या खोलीत शिरल्या. “खरं सांग, कुठे लपवलंयस?” पोरगं साखरझोपेत. त्याच्या सॅकची, कपाटाची, गादीखालची झडती झाली. सापडला तो प्रोटीन पावडरचा डबा. सासूबाईंनी झाकण उघडून हुंगलं आणि तोही संशयितांच्या यादीत गेला.

नवऱ्याचं निदान ठरलेलं असतं: ड्रेनेज. घरात कुठेही, कसलाही वास आला तरी त्याच्या मते तो ड्रेनेजचाच. त्याने बाथरूमच्या जाळीत डांबराच्या गोळ्या टाकल्या, वरून फिनेल ओतलं, वर कापूर जाळला. आता बाथरूममध्ये अंडी, डांबर, फिनेल आणि देवघर असे चार वास एकत्र नांदू लागले. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “डक्टमध्ये उंदीर मेलाय. आमच्याकडे मेला होता तेव्हा अगदी हाच वास होता.” सोसायटीच्या सेक्रेटरींनी मात्र एकच प्रश्न विचारला, तोही चष्म्यावरून बघत: “फक्त तुमच्याकडेच येतो का?” या प्रश्नाला उत्तर नसतं. हो म्हटलं तर दोष आपला, नाही म्हटलं तर शेजाऱ्यांची साक्ष काढावी लागते.

त्यात खरी पंचाईत ही, की साक्षीदार टिकत नव्हते. कुणालाही आत पाठवलं की पहिल्या श्वासाला “अगं आई गं!” आणि दुसऱ्या मिनिटाला “कुठे? आता तर नाही येत.” याचं कारण मला नंतर कळलं. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या अब्ज भागांत याचे मोजके भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतात, पण तेच नाक थोड्या वेळात त्याला सरावतं आणि गप्प बसतं. गॅसचं प्रमाण फार वाढलं तर नाक बधिरच होतं. गटारांच्या चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसांचा जीव हाच गॅस घेतो आणि तिथे नाक धोक्याची सूचनाही देत नाही. आमच्या बाथरूमात तेवढा गॅस नव्हता, खिडकीही होती. तरी हे वाचल्यावर ती खिडकी मी सताड उघडी ठेवायला लागले.

याच सुमारास नवऱ्याचे मामा सांगलीहून डोळे तपासायला आले. मामांच्या पाठीला कित्येक वर्षांची खाज. पहिल्या सकाळी ते आंघोळीला गेले आणि आम्ही सगळे बाहेर अपराधी चेहऱ्याने उभे. बराच वेळ झाला तरी मामा येईनात. सासूबाई दार वाजवणार, तेवढ्यात आतून अभंग ऐकू यायला लागला. मामा लालबुंद होऊन बाहेर आले ते प्रसन्न चेहऱ्याने. “सूनबाई, हे तर गंधकाचं पाणी! वज्रेश्वरीला याच वासासाठी लोक लांबून जातात. तुमच्याकडे नळाला आहे!”

मामा तरुणपणी वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत डुंबून आलेले, दापोलीजवळच्या उन्हवऱ्याला जाऊन आलेले. गरम पाण्याला हा वास नसेल तर ती नुसती आंघोळ, असं त्यांचं मत. त्या दिवसापासून ते सकाळ-संध्याकाळ दोन वेळा आंघोळ करू लागले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख आपणच पुढे ढकलू लागले.

मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक मुलगी आली. तिने अतिशय मृदू आवाजात सांगितलं, “मॅडम, प्रॉब्लेमचा फोटो किंवा व्हिडिओ पाठवा.”

“अहो, वास येतोय.”

“हो मॅडम. त्याचाच व्हिडिओ पाठवा.”

पाठवला. नवरा गिझरचा नळ सोडतो, वाकतो, श्वास घेतो आणि त्याचा चेहरा हळूहळू वाकडा होत जातो, असा तो व्हिडिओ. मला तर अभिनय उत्तम वाटला होता. संध्याकाळी उत्तर आलं: ‘व्हिडिओमध्ये गिझर चालू असल्याचे व गरम पाणी येत असल्याचे दिसते. आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.’

पुन्हा भांडल्यावर एक तंत्रज्ञ आला. त्याला सर्दी. रुमाल नाकाला लावूनच त्याने गिझरभोवती फेरी मारली, टेस्टर लावला, “करंट बरोबर आहे” म्हणाला आणि नवीन मॉडेलचं माहितीपत्रक माझ्या हातात देऊन शिंकत निघून गेला.

शेवटी धायरी फाट्यावरचे एक जुने मिस्त्री आले. पंचायत, साक्षी, पुरावे यांत ते पडलेच नाहीत. त्यांनी दोन मग मागितले. एकात गार नळाचं पाणी, दुसऱ्यात गिझरचं, आणि दोन्ही सासूबाईंपुढे धरले. “आजी, आधी हा. आता हा.” सासूबाईंनी पहिल्याला नाक मुरडलं नाही, दुसऱ्याला पदर लावला. मिस्त्री म्हणाले, “गाराला नाही, गरमाला आहे. मग गच्चीवरची टाकी नाही, गटार नाही, उंदीरबी नाही. वास गिझरातच तयार होतोय.” एवढ्या एका वाक्यात नवरा, काकू आणि सेक्रेटरी तिघेही खटल्यातून बाहेर पडले. नातू निर्दोष सुटला. प्रोटीनचा डबा मात्र अजून सासूबाईंच्या ताब्यात आहे.

गिझरची टाकी पोलादाची, आतून काचेसारखा लेप दिलेली. लेपाला कुठे बारीक तडा असला तर पोलाद गंजणार. म्हणून आत मॅग्नेशियमचा एक रॉड सोडलेला असतो. तो स्वतः झिजत राहतो आणि पोलादाला वाचवतो. हे झिजणं चालू असताना पाण्यात थोडा हायड्रोजन सुटतो. आता आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आणि बोअर असं मिसळपाणी येतं. बोअरच्या पाण्यात क्षार, आणि क्षारांत सल्फेट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर ४०० पर्यंत. सल्फाइडची मर्यादा मात्र लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. सल्फेटचं हे वासाचं सल्फाइड करणारे काही जिवाणू असतात. त्यांना प्राणवायू नको, कोमट पाणी हवं आणि रॉडपासून सुटलेला हायड्रोजन मिळाला तर मेजवानीच. बंद टाकीत, उन्हाळाभर साठलेल्या आमच्या पंचवीस लिटरमध्ये त्यांना हे सगळं बसल्या जागी मिळालं होतं.

पावसाळ्यात तरी त्यांना चटका बसायला हवा होता. पण आपल्याकडे गिझर लावण्याची एक पद्धत आहे. आंघोळीआधी दहा मिनिटं लावायचा आणि अंगावर पहिला तांब्या पडायच्या आत बाहेरून कुणीतरी ओरडायचं, “गिझर बंद केलास का?” आमच्याकडे हे काम सासूबाईंकडे आहे. पाणी कधी नीट तापतच नाही, आणि जे उरतं ते दिवसभर कोमट बसतं. विजेच्या बिलावर त्यांचा जितका डोळा, तितके ते जिवाणू सुखात. हे मी त्यांना सांगितलं नाही. संयुक्त कुटुंबात सगळंच विज्ञान सांगायचं नसतं.

एक गोष्ट वाचून मात्र मला फार दिलासा मिळाला. स्वतः झिजून दुसऱ्याला वाचवणारा धातू ही युक्ती हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची, १८२४ मधली. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्राच्या पाण्यात ते खराब होत. डेव्हीने त्यांना जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं. पण तांबं विरघळेनासं झाल्यावर समुद्रातले शिंपले आणि शेवाळ निर्धास्तपणे जहाजाच्या बुडाला चिकटू लागले, जहाजं मंदावली आणि नौदलाला हा उपाय सोडून द्यावा लागला. म्हणजे धातू वाचवायला जावं आणि फुकटचे भाडेकरू येऊन बसावेत, हे थेट ब्रिटिश आरमारालाही चुकलं नाही. आमची तर धायरीची सोसायटी.

“मग रॉडच काढून टाका,” नवरा म्हणाला. मिस्त्रींनी मान हलवली. “साहेब, वास जाईल, पण टाकी गंजंल. अॅल्युमिनियम-झिंकचा रॉड टाकू.” मग त्यांनी मेन स्विच पाडला, अँगल कॉक बंद केला, पाइप सोडवला आणि टाकी रिकामी केली. पाण्याबरोबर पांढरट-तपकिरी क्षारांचे पापुद्रे इतके निघाले की नवऱ्याने त्यांचाही व्हिडिओ काढून ग्राहक सेवेला पाठवला. त्यांच्याकडून ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं आलं. जुना रॉड बाहेर आला तो चघळून टाकलेल्या उसाच्या कांडक्यासारखा, मधेच बारीक, मधेच तार उघडी पडलेली.

टाकीत ब्लीचिंगचं पातळ, निथळलेलं पाणी काही तास ठेवलं, मग गार पाण्याने पुन्हापुन्हा खळखळून काढलं. त्यानंतर मिस्त्रींनी थर्मोस्टॅट वर चढवला आणि जाहीर केलं, “आता सत्तर अंशावर चार तास चालू ठेवायचा. कुणी नळाला हात लावायचा नाही. भाजंल.”

चार तास. सलग. सासूबाई खुर्ची घेऊन बाथरूमच्या दारात बसल्या. हातात जपमाळ, नजर गिझरच्या लाल दिव्यावर. दिवा विझला की “झालं का?” आणि लागला की “अरे देवा.” तापलं की आपोआप बंद होतो, हे सांगून पाहिलं, त्यांचा त्या ऑटोकटवर विश्वास नाही. मधेच त्यांनी नातवाला जिन्यातल्या मीटरचा आकडा बघून यायला धाडलं आणि तो आकडा ऐकून जप मोठ्याने सुरू केला.

दुसऱ्या दिवशी पाण्याला वास नव्हता. नवऱ्याने घेऊन पाहिला, काकूंना बोलावून घेतला, सेक्रेटरी तर न बोलावता आले. गार मग, गरम मग, दोन्ही सारखेच. सासूबाईंनी स्वच्छ न्हाऊन देवपूजा केली.

मामा मात्र आंघोळ करून पाच मिनिटांत बाहेर आले. ना अभंग, ना लालबुंद चेहरा. “सूनबाई, पाण्यातला राम गेला.” दुपारपर्यंत त्यांनी पाठ खाजवायला दाराची चौकटही धरली. मग हळूच मिस्त्रींचा नंबर मागून घेतला आणि मला स्पीकरवर ऐकवत फोन लावला. “तो जुना रॉड आमच्या सांगलीच्या गिझरला बसेल का हो?”

मिस्त्री जराही हसले नाहीत. “आटे जुळले तर बसंल. पण सांगलीला नदीचं पाणी. वास यायचा तर पाणी असलंच बोअरचं लागंल.”

मामांनी फोन ठेवला, रॉड कालच्या पेपरात गुंडाळून पिशवीत घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मग दोन कॅन भरून दे.”