डेटा कुठे ठेवणार म्हणे!

परत तेच. नव्या संशोधन प्रोजेक्टसाठी ग्रँटचा फॉर्म भरायला घेतला की शेवटी ते पान येतंच, डेटा कुठे ठेवणार, किती वर्षं, कोण सांभाळणार. अहो, आमच्या नवी मुंबईतल्या कॉलेजात डेटा म्हणजे कपाटातली एक हार्ड डिस्क, वर चिकटपट्टीवर 'ऐरोली गाळ नमुने, हात लावू नये', आणि कपाटाची चावी ज्याच्याकडे तो क्लार्क रजेवर. सांभाळायला माणूस नि सर्व्हर बजेटमध्ये टाकावा तर पहिली कात्री तिथेच!

ओपन ॲक्सेसचं, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचायला खुला ठेवण्याचं, तर विचारूच नका. डीबीटी-डीएसटी या केंद्राच्या विज्ञान खात्यांची पॉलिसी २०१४ ची, पेपर ॲक्सेप्ट झाला की दोन आठवड्यांत रिपॉझिटरीत, म्हणजे संस्थेच्या ऑनलाइन साठ्यात टाका. तत्त्व पटतं हो, लोकांच्या पैशातलं संशोधन लोकांना फुकट वाचता यायलाच हवं. पण आमची रिपॉझिटरी उघडली की नुसतं चक्र फिरतंय, आणि जर्नललाच पैसे भरून पेपर खुला करायचा तर दोन-तीन हजार डॉलर, ते ग्रँटमधून मागायचे नाहीत, मग काय घर गहाण ठेवू?

त्यात वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं, संस्थांना जर्नल्स वाचायला देणारी केंद्राची योजना, तीन वर्षांना ६,००० कोटी, सुमारे १३,००० जर्नल्स, पण सुरुवात सरकारी संस्थांपासून, आम्ही पडलो खाजगी. म्हणजे गुडघाभर चिखलात उतरून नमुने आम्ही काढायचे, आणि स्वतःचाच छापून आलेला पेपर बघायला पवईच्या आयआयटीतल्या मैत्रिणीला व्हॉट्सॲप करायचा, पीडीएफ पाठव ना गं.